कोबीच्या पिंपाशेजारची कादंबरी

राकियाच्या तिसऱ्या पेल्यानंतर माणसाने काय बोलू नये, याचा एक कायदा असायला हवा, असं माझं सरकारी नोकर म्हणून जबाबदार मत आहे. तो अजून झालेला नाही. त्यामुळे ऑक्टोबरच्या अखेरीस, माझ्या कुमाच्या घरी, भाजलेल्या डुकराच्या ताटापाशी उभं राहून मी घरभर माणसांच्या देखत जाहीर केलं की येत्या महिन्याभरात मी एक कादंबरी लिहिणार आहे.

कूम म्हणजे माझ्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला झिवादिन. सख्ख्या भावाशी भांडून वर्षभर बोललं नाही तरी चालतं, कुमाशी तसं करता येत नाही; हे त्याला माहीत आहे आणि तो त्याचा फायदा घेतो. त्या दिवशी त्याच्याकडे स्लावा होती, म्हणजे त्यांच्या घराण्याच्या संताचा दिवस, संत लुकाचा. स्लावेचं आमंत्रण कुणालाच नसतं, म्हणून न जाण्याची सबबही कुणाला नसते. सगळं चाचाक गाव तिथे होतं. कुणीतरी म्हणालं, सांस्कृतिक भवनाने नोव्हेंबरात कादंबरीचा कच्चा खर्डा लिहायचं आव्हान ठेवलंय, पन्नास हजार शब्द, बक्षीस काही नाही, नुसतं प्रमाणपत्र. मी म्हटलं, "वाईट कल्पना नाही."

"रातोमिर," झिवादिन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तू आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात लांब वाक्य सांगू? 'सदर भूखंड उत्तरेस ओढ्याने आणि पूर्वेस कै. मिलुटिन यांच्या कुंपणाने सीमित.' त्यातही मिलुटिन जिवंत होता."

लोक हसले. माझी बायको रोसांदासुद्धा हसली. मिलुटिन तिथेच बसला होता, तो सगळ्यांत जास्त हसला. मग मी जे बोललो ते बोललो.

पण खरं सांगायचं तर मला प्रमाणपत्र नको होतं, गॅलरी हवी होती. मी भूमापन खात्यात आहे. तीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजून त्यांच्या हद्दी आखून देतोय, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात माझ्या वाट्याची जमीन म्हणजे एक खुर्ची, तीही बातम्या संपेपर्यंत. बातम्यांनंतर तिथे सासूबाई बसतात. काचा लावलेल्या गॅलरीत एक टेबल मावतं, खाली नदी दिसते, दार लावता येतं. पण दर हिवाळ्यात तिथे कोबी आंबवायचं पिंप असतं, आणि वसंतापर्यंत त्या दारातून आंबटाण सोडून दुसरं काही बाहेर येत नाही.

घरी परतल्यावर तह झाला. सासूबाई, म्हणजे नेगोसावा, स्वयंपाकघरात आणि मी दारात. मी महिनाअखेर कादंबरी पुरी केली तर टेबल गॅलरीत कायमचं राहील आणि पिंप तळघरात जाईल. नाही केली तर टेबल झिवादिनच्या मळ्यावर जाईल, कोंबड्यांसाठी, आणि या घरात कादंबरी हा शब्द पुन्हा निघणार नाही.

"आणि तोपर्यंत?" मी विचारलं.

"तोपर्यंत दोन्ही तिथेच," सासूबाई म्हणाल्या. "कोबी काही तुमच्यासाठी थांबणार नाही, जावई. तुमचं जसं चाललंय तसं चालू द्या, तिचं तिच्या चालीनं."

आता माझी चूक ऐका. ही चूक दुसऱ्या कुठल्याही देशातल्या माणसाकडून झाली नसती, कारण दुसऱ्या कुठल्याही देशात नोव्हेंबर हा निवांत महिना असतो. आमच्याकडे नोव्हेंबरात संतांची रीघ लागते. संत दिमित्रिये झाला की संत जोर्जे, त्याच्यामागून देवदूत मिखाइलो, त्याच्यामागून संत म्रत. माझे साहेब दिमित्रियेवाले. बायकोचे तिन्ही मामा जोर्जेवाले, आणि तिघे तीन गावांत. मिखाइलो आमचा स्वतःचा. एखाद्या स्लावेला गेलं नाही तर त्या घराशी संबंध संपला असं धरतात, आणि गेलं तर दुपारी एकपासून रात्रीपर्यंत जेवावं लागतं. शेतं मोजताना मी कधी दलदल विसरलो नाही. महिना निवडताना विसरलो.

तरी सुरुवात झोकात झाली. मी पहाटे उठून लिहायचो. गोष्ट साधी होती: दोन भाऊ वडिलोपार्जित जमीन वाटून घेतात आणि हद्दीची रेषा नेमकी विहिरीतून जाते. मग एक सर्वेक्षक येतो. सर्वेक्षक देखणा होता. रोजचं लिखाण मी फोनवरून झिवादिनला पाठवायचो, त्याला वाचून आनंद व्हावा म्हणून नव्हे, तर जेवताना घशात अडकावं म्हणून.

इमारतीत बातमी पसरायला लिफ्ट बंद असूनही वेळ लागला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या स्विएताबाई जिन्यात अडवून म्हणाल्या, "शेजारी, सुरुवातीलाच कुणाला तरी मारा. मग बाकीचे नीट वागतात." दातांच्या डॉक्टर ओग्न्येनका म्हणाल्या की कुठल्याच लिखाणात दातांचं खरं दुःख येत नाही, सगळे नुसतं हृदय घेऊन बसतात. मी सगळ्यांचे आभार मानले. त्याचा परिणाम असा झाला की आपला सल्ला स्वीकारला गेला असं प्रत्येकाला वाटलं, म्हणजेच आपण त्यात आहोत अशी प्रत्येकाला शंका आली.

आमच्या इमारतीचा व्यवस्थापक स्र्बोल्युब. पूर्वी तो गाडीच्या परवान्याच्या परीक्षा घ्यायचा आणि अजूनही माणसाकडे नापास करायच्या नजरेने बघतो. त्याने रहिवाशांची सभा बोलावली. विषय पहिला, लिफ्ट. विषय दुसरा, कादंबरी. लिफ्टवर कुणी बोललं नाही.

"प्रश्न तत्त्वाचा आहे," स्र्बोल्युब उभा राहून म्हणाला. "उद्या तिसऱ्या मजल्यावरून कुणी काहीही लिहील. म्हणून ठराव असा की लेखी संमतीशिवाय कोणत्याही रहिवाशाला, किंवा रहिवाशासारख्या दिसणाऱ्याला, सदर कादंबरीत वापरता येणार नाही."

"माझी गोष्ट खेड्यातली आहे," मी म्हटलं. "तुमच्यापैकी त्यात कुणीही नाही."

सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या.

"कुणीही नाही?" स्विएताबाईंनी विचारलं. "बावीस वर्षं एका जिन्यावर राहतोय आपण."

ठराव एकमताने मंजूर झाला आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या टपालपेटीत संमतिपत्रं पडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी संमतीसोबत दवाखान्याच्या वेळा दिल्या. स्र्बोल्युबने कळवलं की आपली हरकत मागे, मात्र पात्र उंच असावं. स्विएताबाईंची अट होती की त्यांना विधवा दाखवावं. ते पत्र द्यायला त्या स्वतः आल्या, आणि त्यांच्यामागे त्यांचा नवरा मिलुन पिशवी घेऊन उभा होता.

"तुमची काही हरकत, मिलुन?"

"माझी कसली," तो म्हणाला. "जरा शांतता मिळेल."

तरीही माझी कादंबरी पुढे जात होती. संत दिमित्रियेच्या दिवशी साहेबांच्या न्हाणीघरात मी एक अख्खं प्रकरण लिहिलं. बाहेर लोकांनी माझ्या पोटाबद्दल चौकशी सुरू केली तेव्हाच निघालो. आणि मग कोबी आली. सासूबाईंनी बाजारातून पोत्यांनी आणली, बुडखे कोरले, त्यात मीठ भरलं आणि पिंप माझ्या कोपराला लागेल असं टेबलाशेजारी उभं केलं. आंबणारी कोबी गप्प बसत नाही. ती बुडबुडते. एखाद्या नाजूक संवादाच्या वेळी शेजारी कुणी ढेकर द्यावा, तसं.

शिवाय तिची सेवा असते. तळाचं खारं पाणी वर यावं म्हणून एक दिवसाआड पिंपात रबरी नळी बुडापर्यंत घालून जोराने फुंकावं लागतं. हे काम घरातल्या पुरुषाचं. का ते मला कुणी सांगितलेलं नाही. त्या सकाळी माझे दोन भाऊ विहिरीच्या काठावर समोरासमोर आले होते, एकाच्या हातात कुऱ्हाड होती, आणि सासूबाई आतून म्हणाल्या, "जावई, फुंका." वेळ वाचवावा म्हणून मी नळी तोंडात धरली आणि दोन्ही हातांनी लिहीत राहिलो. कुऱ्हाड वर गेली. माझा श्वास वर गेला. म्हणजे मी फुंकायच्या ऐवजी ओढलं.

तोंडात खारं पाणी आल्यावर माणूस नळी सोडतो. नळी टेबलावर पडली आणि पाणी काही थांबेना, कारण पिंपातल्या पाण्याची पातळी टेबलापेक्षा उंच होती, आणि अशा वेळी पाणी काय करतं हे सांगायचा मला पगार मिळतो. नळी उपसेपर्यंत माझा लॅपटॉप पुरता मुरला होता.

सासूबाई धावत आल्या. "किती गेलं?"

"सगळं," मी म्हटलं. "अर्धी कादंबरी."

"पाणी किती गेलं विचारतेय." मग त्यांनी पिंपात डोकावून पाहिलं. "वीज नाही ना उतरली कोबीत?"

बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडला, हुंगला आणि पुन्हा बंद केला. "चालू नाही व्हायचा," तो म्हणाला. "पण कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून सार्मा चांगला होईल यात."

माझं सांत्वन करण्यात रोसांदाने कसूर केली नाही. ती म्हणाली, कच्चाच खर्डा होता ना, गेला तर गेला. अशा सांत्वनाने बळ येतं, रागाचं का होईना. मग मला आठवलं की माझं रोजचं लिखाण, जे पाठवून झालं की मी माझ्या फोनवरून पुसायचो, ते झिवादिनच्या फोनमध्ये आहे. मी त्याला फोन केला. कुमाकडे मागणं सोपं असतं, मागितलंय हे आयुष्यभर ऐकणं अवघड.

"मी वाचलेलं नाही," तो म्हणाला. "पण पुसलेलंही नाही. मी काहीच पुसत नाही, आठ वर्षांपूर्वीच्या डुकरांचेसुद्धा फोटो आहेत. मला एक सांग, त्या सर्वेक्षकाच्या मागे लागलेली मास्तरीण शेवटी काय करते?"

"वाचलेलं नाही म्हणालास."

"वाचलेलं नाहीच. डोळ्यांखालून गेलं."

अर्धी कादंबरी परत मिळाली. उरलेली अर्धी मी हाताने लिहायला घेतली, कचेरीतल्या रद्द नकाशांच्या पाठीवर. मिखाइलोच्या दिवशी आमच्याकडे स्लावा. यजमानाने आपल्या स्लावेला बसायचं नसतं, पाहुणा जेवत असेतो उभं राहायचं, आणि पाहुणे सकाळपासून होते. मी कागद फ्रिजवर ठेवले आणि एक पेला भरल्यापासून दुसरा भरायची वेळ येईपर्यंत उभ्याने लिहिलं. रोसांदाच्या धाकट्या मामांनी सार्म्याचा घास घेत विचारलं, "याला झालंय काय?" सासूबाईंनी उत्तर दिलं, "महिनाअखेर उतरेल."

अखेर तो दिवस आला. शनिवार होता. शेवटचं प्रकरण सोडून सगळं लिहून झालं होतं. शेवट मात्र सुचत नव्हता. नकाशांचा गठ्ठा काखेत मारून मी सकाळीच सांस्कृतिक भवनात फोन केला, कागद कुठे आणून देऊ विचारायला.

"कागद?" तिथल्या बाई म्हणाल्या. "साहेब, टाइप केलेली एक फाइल लागते. यंत्र शब्द मोजतं. संध्याकाळी सहापर्यंत, त्यानंतर मी कुलूप लावते, आत लोकनृत्याची तालीम असते."

"शब्द मी मोजलेत, बाई. माझा व्यवसायच मोजण्याचा आहे."

"गेल्या वर्षी एकांनी असेच मोजून आणले होते," त्या थकल्या आवाजात म्हणाल्या. "स्वल्पविरामही धरले होते."

मी फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसलो. अर्धी कादंबरी एका दिवसात टाइप करणं मला शक्य नव्हतं. मी दोन बोटांनी टाइप करतो. सासूबाई दारात आल्या. त्यांनी टेबलाकडे बघून घेतलं, बाहेर काढताना पाय सोडवावे लागतील का ते पाहायला. नदीवर धुकं होतं. मला वाटलं, ठीक आहे. तीस वर्षं खुर्चीवर निघाली, उरलेलीही निघतील.

तेव्हा रोसांदाने हातातला टॉवेल खाली ठेवला. महिनाभर तिने ना माझी बाजू घेतली ना आईची. ती जिन्यात गेली आणि कठड्यावरून वाकून, वर आणि खाली ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्याकडे मोबा आहे."

गावाकडे कुणाचं पीक कापणीत मागे पडलं की सगळा गाव विळे घेऊन त्याच्या शेतात उतरतो. मजुरी नसते, जेवण असतं. त्याला मोबा म्हणतात, आणि मोबाची हाक आल्यावर घरी बसणारा माणूस पुढे कुणाला तोंड दाखवत नाही. पाच मजली इमारतीत, कादंबरीसाठी, अशी हाक पूर्वी कुणी दिल्याचं मला ठाऊक नाही. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मोबा यशस्वी झाला तर त्यांचं पिंप तळघरात जाणार होतं. पण त्या द्रागाचेव्होच्या डोंगरातल्या. तिथे जन्मलेल्या बाईला हाक ऐकू आली नाही असं करता येत नाही.

"उपासाचे दिवस चालू झालेत," त्या शेवटी म्हणाल्या. "मांस नाही मिळायचं. घेवडा ओव्हनमध्ये घालते." आणि पदर खोचावा तशा बाह्या वर सारून त्या आत गेल्या.

तासाभरात घरात उभं राहायला जागा नव्हती. डॉक्टरीणबाई दवाखान्याचा संगणक उचलून घेऊन आल्या, स्विएताबाई भाचीचा. मिलुनने फोनवर टाइप करायची तयारी दाखवली, कारण त्याला कोपऱ्यात बसता येणार होतं. झिवादिन मळ्यावरून आला, चिखलाच्या बुटांसकट. नकाशे वाटले गेले. स्र्बोल्युब एका बोटाने टाइप करायचा, पण ते बोट कायद्यासारखं पडायचं. त्याला सासूबाई वाचून दाखवत होत्या. घेवड्याचा वास, बोटांची टकटक, आणि मध्येच "शेजारी, हे 'घोडा' आहे की 'थोडा'?" मी या खोलीतून त्या खोलीत धावत होतो. माझ्या आयुष्यात एवढ्या लोकांनी माझं काही वाचलेलं नव्हतं, आणि मला वाटलं ते मोठ्या निष्ठेने वाचताहेत.

तीन वाजता मी सहज स्विएताबाईंच्या खांद्यावरून पाहिलं. माझ्या गावात एक देखणी विधवा राहायला आली होती.

"ही कोण?"

"तुमचीच आहे," त्या न थांबता म्हणाल्या. "फक्त तुम्ही लिहायची राहून गेली होती."

मग मी सगळ्यांचंच तपासलं. डॉक्टरीणबाईंच्या प्रकरणात धाकटा भाऊ अक्कलदाढेने तळमळत होता, पानभर. झिवादिनने मास्तरणीचं परस्पर लग्न लावलं होतं. कुऱ्हाड घेऊन धावणाऱ्या भावाला स्र्बोल्युबने आधी उजवी-डावीकडे बघायला लावलं होतं. आणि भावांची खाष्ट आई, जी मी मोठ्या मेहनतीने आणि काहीशा अनुभवाने उभी केली होती, ती सासूबाईंच्या तोंडून कागदावर येईपर्यंत तरुणपणी पंचक्रोशीत नावाजलेली सुंदरी आणि जावयावर जीव टाकणारी झाली होती.

"तिला जावईच नाही गोष्टीत," मी म्हटलं.

"म्हणून तर तिचा जीव तुटतो," सासूबाई म्हणाल्या.

मला मोह झाला नाही असं नाही. त्या भरतीमुळे शब्द भरपूर होत होते. कोणीतरी बेरीज करून सांगितलंही की आकडा केव्हाच पार झाला. पण मी आयुष्यभर एकच गोष्ट नीट केलीय: दुसऱ्याची वीतभर जमीन कधी कुणाच्या नकाशात येऊ दिलेली नाही. मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि म्हणालो, "जे माझं नाही ते काढा."

"तुला वेड लागलंय," झिवादिन म्हणाला. "तोट्यात जाशील."

"काढा."

त्यांनी काढलं. कुरकुरत, एकेक ओळ पुन्हा वाचून दाखवत, ही तरी राहू दे म्हणत. विधवा गेली, दाढ गेली, मास्तरीण पुन्हा अविवाहित झाली. सासूबाईंनी आपली सुंदरी स्वतःच्या हाताने पुसली. तेवढ्यासाठी स्र्बोल्युबला उठवून त्या संगणकाशी बसल्या. मग सगळे तुकडे एकत्र जोडले आणि यंत्राने मोजले. हजारभर शब्द कमी पडत होते. पाच वाजायला आले होते.

"शेवट राहिलाय ना अजून?" रोसांदा म्हणाली.

"सुचलेला नाही."

"सुचत नसेल तर आम्ही सांगतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि वादाला तोंड फुटलं. विहीर थोरल्याची, कारण वडिलांची सेवा त्याने केली. विहीर धाकट्याची, कारण गुरं त्याच्याकडे. स्र्बोल्युब म्हणाला लिलाव करा. झिवादिन आणि मिलुन तर खरोखरीचे तापले. मिलुन तापलेला मी प्रथमच पाहत होतो. कागदावरच्या विहिरीसाठी माझ्या घरात माणसं भांडत होती. मी डॉक्टरीणबाईंचा संगणक उचलला, गॅलरीत गेलो आणि दार लावून घेतलं.

पिंप बुडबुडत होतं. बुडबुडू दिलं. मी दोन बोटांनी लिहायला लागलो. माझा सर्वेक्षक सकाळी शेतात जातो. त्याच्या हातून आजवर एकही खुंट चुकलेला नाही. तो दोरी लावतो, दोन्ही भाऊ बघत उभे असतात, आणि तो थोरल्याच्या बाजूला पहिली खुंटी विहिरीच्या दोन पावलं अलीकडे ठोकतो, धाकट्याच्या बाजूला दुसरी दोन पावलं अलीकडे. मध्ये विहीर राहते, कुणाच्याच नावावर नसलेली. आयुष्यात एकदाच, जाणूनबुजून चूक करून, तो नकाशावर सही करतो, आणि निघण्याआधी त्याच विहिरीचं पाणी पितो. काचेबाहेरून सगळे बघत होते, कुणीतरी दार ढकललं तेव्हा रोसांदाचा आवाज आला, "लावलंय ना ते? मग लावलेलं आहे."

बाहेर येऊन मी वाचून दाखवलं.

"हे बेकायदा आहे," स्र्बोल्युब म्हणाला.

"आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ॲप्रनला हात पुसले. "पण आता कुणी हात लावायचा नाही त्याला. पाठवा."

सहाला थोडा अवकाश असताना भवनातल्या बाईंचा फोन आला. मागे अकॉर्डियन वाजत होतं. "आली तुमची," त्या म्हणाल्या. "पन्नास हजार दोनशे आणि काही. या वर्षी पूर्ण झालेली पहिली. अभिनंदन, साहेब." मी धन्यवाद म्हणालो, अगदी सहज, रोजच कादंबऱ्या संपवत असल्यासारखा, आणि मग न्हाणीघरात जाऊन थोडा वेळ नळ सोडून उभा राहिलो.

घेवड्यावर ताव मारता मारता स्र्बोल्युबने तिथेच सभा भरवली आणि तळघरात पिंप ठेवायला रहिवाशांची हरकत नाही असा ठराव एकमताने मंजूर केला. पिंप खाली न्यायला चार जण लागले. झिवादिन प्रत्येक पायरीवर सांगत होता की अर्धी कादंबरी मुळात त्याच्या फोनमधली आहे. मी त्याला सांडू नकोस म्हटलं.

त्यानंतरच्या सोमवारी मी कचेरीतून आलो, चहा केला आणि गॅलरीत बसलो. पक्का खर्डा करायचा होता. धुकं उठलं होतं, नदी पलीकडच्या काठापर्यंत दिसत होती. मी पहिलं वाक्य खोडून नव्याने लिहायला घेतलं, तोच दारावर टकटक झाली. हलकी, दोनदा. आमच्या घरात कुणी दार वाजवून येण्याची पद्धत नाही. मी वळून पाहिलं. काचेपलीकडे सासूबाई उभ्या होत्या, हातात सोललेल्या सफरचंदांची बशी.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

"एक मिनिट," मी म्हटलं. "वाक्य पुरं करतो."

आणि त्या थांबल्या.